शीत त्याच पातेल्यातलं हवं

आयटीआयच्या परीक्षा आटोपल्या की चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात भरतीचा हंगाम सुरू होतो. सकाळी सात वाजायच्या आतच कंपन्यांच्या गेटबाहेर मुलं जमायला लागतात. लातूर, नांदेड, बीड, परभणी, बुलडाणा, जळगाव अशा ठिकाणांहून रात्रभर एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने प्रवास करून आलेली. काहींनी स्टँडवरच तोंड धुऊन शर्ट बदललेला असतो. काही जण आदल्या रात्री गावाकडच्या एखाद्या मित्राच्या खोलीवर सहा-सात जणांत दाटीवाटीने झोपलेले असतात. काखेत प्लास्टिकचं फोल्डर, त्यात गुणपत्रिका, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षं काम करते आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, अ‍ॅप्रेंटिस, डिप्लोमा झालेले ट्रेनी यांच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. या कामातून माझी एक खात्री झाली आहे. उमेदवाराबद्दलचं मत तो दारातून येऊन खुर्चीत टेकेपर्यंत बरंचसं बनून गेलेलं असतं. नंतरची दहा मिनिटं त्या मताला आधार शोधण्यात जातात.

हे कसं घडतं ते नीट पाहिलं की दिसतं. एखादा मुलगा ताठ चालत आला, ‘गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाला, विचारल्यावर बसला, की टेबलाच्या या बाजूचे चेहरे सैलावतात. त्याला प्रश्नही सोपा येतो. तो अडखळला तर कुणीतरी म्हणतं, “अरे टेन्शन घेऊ नकोस, पाणी पी, आठवेल.” पुढचा मुलगा खांदे पाडून आत येतो. चपला बाहेर काढू की नको, या विचारात दारातच घुटमळतो. तोही त्याच प्रश्नाला तसाच अडखळतो, पण त्याला पाणी कुणी देऊ करत नाही. पॅनेलवरचे दोघं एकमेकांकडे पाहतात आणि पुढचा प्रश्न आणखी अवघड येतो. पहिल्याचं अडखळणं त्याच्या वयाच्या खात्यावर जातं, दुसऱ्याचं त्याच्या कुवतीच्या. दिवस संपल्यावर फॉर्म पाहिले तर पहिल्याच्या नावापुढे ज्ञान, वागणूक, शिकण्याची तयारी या तिन्ही रकान्यांत चांगले गुण असतात आणि दुसऱ्याच्या नावापुढे तिन्हींत कमी.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली नेमकी ही गोष्ट मांडली. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे गुण देत. ते आकडे तपासल्यावर थॉर्नडाइक यांना आढळलं की सगळे रकाने एकमेकांशी संशय यावा इतके जुळतात. माणूस एकंदरीत चांगला वाटला की त्याची बुद्धीही चांगली आणि चारित्र्यही चांगलं. याला ‘हेलो इफेक्ट’ हे नाव त्यांनीच दिलं. शंभर वर्षं होऊन गेली. मी पाहिलेल्या कोणत्याही कारखान्यातल्या मुलाखतीच्या फॉर्ममध्ये तेच दिसतं.

पहिला ठसा कशाकशाचा बनतो? शर्टाची इस्त्री, बूट, केस कापलेले की वाढलेले, दाढी, घाम, चालणं. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी भाषा. ‘मला येतं’च्या जागी ‘मला येतंय’, ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ आलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक खूण होते. बोलणारा स्वच्छ, नेमकं आणि बरोबर सांगत असतो, पण ऐकणारा त्यातला ‘न’ मोजत असतो. मिलिंग मशीनला ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक कळत नाही. तरीही या एका उच्चारापायी ‘जरा गावठी आहे, ऑडिटच्या वेळी कस्टमरसमोर उभा करता येणार नाही’ असा शेरा पडलेला मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. जागा शॉप फ्लोअरवरच्या फिटरची होती. कस्टमरसमोर उभं राहण्याचा त्या कामाशी फारसा संबंध नव्हता.

एका भरतीच्या वेळचे दोन उमेदवार मला नेहमी आठवतात. पहिला छान बोलणारा. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट किती, व्हर्निअरचा किती, झिरो एरर म्हणजे काय, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. दुसरा जवळजवळ मुका. “सांग ना, मायक्रोमीटर वापरलाय का?” यावर मान हलवून “हो” एवढंच. पॅनेलवरच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्याचा कागद बाजूला सारलाही होता. आमच्या टूलरूमचे जुने फोरमन मध्ये पडले. “साहेब, दोघांच्या हातात मायक्रोमीटर देऊ या की,” म्हणाले आणि टर्निंग केलेला एक शाफ्ट टेबलावर ठेवला.

छान बोलणाऱ्याने मायक्रोमीटर उचलला, शाफ्टला लावला आणि थिंबल पकडून घट्ट पिळला. वाचलेलं माप चुकलं. दुसऱ्याने आधी खिशातून रुमाल काढला. मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांच्या आतल्या बाजू पुसल्या, शाफ्ट पुसला, मग मायक्रोमीटर रिकामा बंद करून शून्य बरोबर येतं का ते पाहिलं. शाफ्टला लावल्यावर मागचा रॅचेट बोटांनी हलकेच फिरवला आणि टिकटिक आवाज आल्यावर थांबला. एका जागी माप घेतलं, शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा घेतलं, दुसऱ्या टोकाला पुन्हा. फोरमननी विचारलं, “इतक्यांदा कशाला?” तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, “टेपर असला तर एका जागी कळत नाही की सर. आन् आधी पुसून घ्यावं लागतंय, कचरा असला की माप चुकतंय.”

यावरून जो कमी बोलतो तोच कामाचा आणि जो चांगलं बोलतो तो पोकळ, असा उलटा नियम काढणं तितकंच चुकीचं ठरेल. छान बोलणारे आणि छान काम करणारेही मी भरपूर पाहिले आहेत. मुद्दा इतकाच की बोलणं आणि मोजणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि आम्ही एकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याचा निकाल लावत होतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण ते शीत त्याच पातेल्यातलं असावं लागतं.

“मॅडम, इतकी वर्षं माणसं बघतोय. पोरगा आत आला की कळतं हो,” हे वाक्य कारखान्यात मी अनेकांकडून ऐकलं आहे. ते म्हणणारे लबाड नसतात. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारी ही माणसं, त्यांचा अनुभव खरा असतो. पण मशीनच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला तर तासाभरात कळतं. मशीन बंद पडतं, जॉब रिजेक्ट होतो, अंदाज सुधारतो. माणसाच्या निवडीत ही सोय अर्धीच आहे. घेतलेला मुलगा कसा निघाला ते कळतं. नाकारलेला गेटबाहेर जातो आणि पुढे त्याचं काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. दुसऱ्या कंपनीत तो उत्तम काम करत असेल, तरी ती बातमी आपल्या टेबलापर्यंत येत नाही. त्यामुळे ‘मला बघताक्षणी कळतं’ हा विश्वास वर्षानुवर्षं न तपासता वाढत राहतो.

नाकारलेल्यांचं पुढे काय झालं हे कळण्याची संधी एकदा अमेरिकेत आली. ह्युस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ साली सुमारे आठशे अर्जदारांच्या मुलाखती घेऊन, क्रम लावून दीडशे विद्यार्थी निवडले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी पन्नास जागा भरायला लावल्या. तोवर वरच्या क्रमांकाचे अर्जदार दुसरीकडे गेले होते. उरले ते यादीच्या तळातले. त्यांना घ्यावं लागलं. पुढे शिक्षणात आणि डॉक्टर झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या कामात या दोन गटांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. १९८७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्वान प्राध्यापकांनी मुलाखतीत लावलेला क्रम पुढच्या कामाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हता. तिथे ही स्थिती, तर दुपारच्या जेवणाआधी चाळीस मुलं ‘उरकणाऱ्या’ आमच्या पॅनेलने किती खात्री बाळगावी?

आता जास्त गंभीर गोष्टीकडे येते. आपल्याकडे पहिला ठसा उमेदवार दिसण्याच्याही आधी, कागदावरच्या आडनावापाशी पडतो. आडनावावरून जातीचा उलगडा झाला नाही तर “गाव कुठलं? तालुका? गावात कुठे राहता?” असे प्रश्न येतात. विचारणारा म्हणतो, मी सहज विचारतोय, मुलगा मोकळा व्हावा म्हणून. कधी ते खरंही असतं. पण मुलाला त्या प्रश्नाचा रोख लहानपणापासून माहीत असतो. उत्तर देताना त्याचा आवाज कसा खाली जातो ते मी ऐकलं आहे. मोकळं करण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाने तो आक्रसतो आणि मग ‘कॉन्फिडन्स कमी’ हा शेरा त्याच्याच नावावर पडतो.

हा माझ्या एकटीचा समज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी २००५ पासून वर्षाहून अधिक काळ, वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचे निष्कर्ष आले. पात्रता तीच असूनही दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जापेक्षा बरीच कमी होती, मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की हे अधिकारी आपण फक्त गुणवत्ता पाहतो असं सांगत, आणि त्याच दमात उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ पाहणं किती महत्त्वाचं आहे हेही सांगत. माझ्याच व्यवसायातली ही माणसं. वडील काय करतात, भाऊ काय करतो, घर स्वतःचं आहे का, हे प्रश्न आमच्याकडेही छापील फॉर्ममध्ये असत. फिटरच्या कामाशी त्यांचा काय संबंध, हे कुणाला विचारावंसं वाटत नसे.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच पाहिलं होतं. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचा तो खटला, ‘अजय हासिया’ या नावाने ओळखला जातो. तिथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत आटोपल्या आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे असे होते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. न्यायालयाने म्हटलं की तोंडी परीक्षेला एवढं वजन देणं मनमानीचं ठरतं आणि एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून जास्त वजन अशा मुलाखतीला देऊ नये. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने ‘क’ गटाच्या आणि ‘ब’ गटातल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. खासगी कारखान्यात मात्र आजही बहुतेक ठिकाणी मुलाखत हेच सगळं काही आहे, आणि तिच्यावर अपील नाही.

चाकणसारख्या पट्ट्यात आणखी एक पूर्वग्रह उघडपणे बोलला जातो. ‘आसपासच्या गावातला पोरगा नको.’ स्थानिक मुलगा दादागिरी करेल, युनियन करेल, सुगीत आणि जत्रेला दांडी मारेल असं मानतात. लांबचा मुलगा खाली मान घालून काम करतो म्हणून तो बरा. एकाच वाक्यात इथे दोघांवर अन्याय होतो. ज्यांच्या शेतजमिनीवर कारखाना उभा आहे त्यांच्या मुलाला गेटवरच नकार, आणि लांबून आलेल्याची निवड त्याच्या लाचारीच्या भरवशावर.

मुलींना तर वेगळीच प्रश्नपत्रिका असते. “लग्न कधी करणार? झाल्यावर नोकरी सोडणार का? घरचे पाठवतील का?” टर्नर ट्रेडला पहिली आलेली मुलगी समोर बसलेली असताना लेथबद्दल एकही प्रश्न न विचारता मुलाखत संपलेली मी पाहिली आहे. त्याच रांगेतल्या मुलांना लग्नाबद्दल कुणी विचारलं नाही. मुलंही लग्न झाल्यावर गावाकडे बदली शोधतात, नोकरी सोडतात. ते कुणाच्या फॉर्ममध्ये नोंदलं जात नाही.

यावर उपाय म्हणून कंपन्या प्रशिक्षण शिबिरं घेतात. वक्ता येतो, स्लाइड दाखवतो, मनातले पूर्वग्रह ओळखा असं सांगतो. त्याने कुणाचं वाईट होत नाही. पण मन साफ करण्याचा निश्चय करून मुलाखतीला बसलेला माणूसही पहिल्या मिनिटात मत बनवतोच. माझंही बनतं. म्हणून मनाच्या मागे लागण्यापेक्षा पद्धत बदलणं मला महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात आपण कामगाराला ‘बोट घालू नकोस’ एवढं सांगून थांबत नाही, प्रेसला गार्ड बसवतो. निवडीलाही गार्ड लागतो.

आम्ही हळूहळू जे बदललं ते साधं आहे. आधी हाताचं काम, नंतर बोलणं. शाफ्ट मोजणं, एक सोपं ड्रॉइंग वाचणं, एका तुकड्याला फाइल मारून काटकोनात आणणं. हे पाहणाऱ्या फोरमनकडे बायोडेटा नसतो, मुलांच्या छातीवर फक्त क्रमांक असतो. पॅनेलसमोर येणाऱ्या कागदावरून फोटो, आडनाव, गाव आणि घरची माहिती काढून टाकली. ती निवड झाल्यावर घेतली जाते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाने आपापले गुण लिहायचे आणि मगच बोलायचं. बोलताना सगळ्यात वरिष्ठ माणसाने शेवटी बोलायचं, कारण आपल्याकडे साहेब एकदा “चांगला आहे” म्हणाले की बाकीच्यांची पेनं त्याच दिशेने वळतात. आणि शेवटचं, नकाराचं कारण लिहायचं. ‘अ‍ॅटिट्यूड बरोबर वाटत नाही’ हे कारण चालत नाही. काय पाहिलं, काय ऐकलं, ते लिहा.

या शेवटच्या अटीचा परिणाम मला सगळ्यात मोठा वाटतो. कारण लिहायला बसलं की बऱ्याचदा पेन थांबतं. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सांगता येत नाही. ज्याचं कारण सांगता येत नाही ते बहुतेक वेळा उमेदवारात नसतंच, ते आपल्यात असतं.

हे पुस्तकी खूळ आहे असं काहींना वाटलं. पण १९९८ सालीच फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला होता. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणं आणि ठरावीक प्रश्नांची बांधीव मुलाखत या गोष्टी मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देतात, हे त्यातून दिसलं. आकडे नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्त केले, पण बांधीव मुलाखत मोकळ्या मुलाखतीपेक्षा सरस, हा निष्कर्ष टिकला. आमचे फोरमन हा अभ्यास न वाचताच शाफ्ट टेबलावर ठेवत होते.

पद्धतीतही अन्याय शिरू शकतो हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. काही आयटीआयमध्ये एका मायक्रोमीटरभोवती वीस मुलं असतात. निदेशक दाखवतात, मुलं लांबून पाहतात. अशा मुलाची हातकामाची परीक्षा घेतली तर तो नापास होईल, आणि ते अपयश खरं तर त्याच्या संस्थेचं असेल. म्हणून ट्रेनीच्या जागांसाठी आम्ही आधी एकदा सावकाश करून दाखवतो, मग त्याला करायला लावतो. किती येतं यापेक्षा दाखवल्यावर किती उचलतो हे पाहतो. वेळ जास्त जातो. पण ज्याच्या आयुष्याची पुढची काही वर्षं त्यावर ठरणार आहेत त्याला अर्धा तास देणं हे उपकार नव्हेत.

निवड करण्याचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी टेबलाच्या या बाजूला बसाल तेव्हा पहिल्या मिनिटात बनलेलं आपलं मत एका कागदावर लिहा, घडी घालून खिशात ठेवा आणि त्या मुलाला किंवा मुलीला आधी काम करून दाखवायला सांगा. जागा ज्या कामाची आहे, परीक्षा त्याच कामाची घ्या.